दगड चढ चढत नाही

प्रवासाहून परतताना लोकांच्या बॅगा साड्यांनी फुगतात, नाहीतर खाऊनं. माझी दगडांनी फुगते. चाळीशीत माझा नवरा स्टेशनवर बॅग उचलायला यायचा, पन्नाशीत तो रिक्षा सांगून ठेवायला लागला आणि आता पंचावन्न उलटल्यावर नुसतं फोनवर विचारतो, ‘‘काळे की तांबडे?’’ मी भूवैज्ञानिक आहे. कुठल्या डोंगरात काय दडलंय ते पाहायचं, उपयोगाचं असेल तर तसं लिहायचं, नसेल तर तसंही लिहायचं. बहुतेक वेळा नसतंच. तीस वर्षं ‘काही नाही’ असं लिहून मी घर चालवलं, दोन मुलं शिकवली.

या वेळी जायचं होतं जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या एका सड्यावर. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं उघडं पठार, तांबड्या जांभ्या दगडाचं. खनिजांच्या दृष्टीनं तिथं आजवर कोणी नीट पाहिलेलं नव्हतं. आमच्या संचालकांनी नकाशावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, ‘‘इथं बॉक्साइट असू शकतं. आणखीही काही असू शकतं.’’ संचालकांना नकाशावर सगळीकडेच काही ना काही असू शकतं असं वाटतं. त्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि ते डोंगर चढत नाहीत, या दोन गोष्टींचा संबंध मी पुष्कळदा त्यांना सांगितला आहे.

वारूळवाडी ते घोडेगाव

नारायणगावच्या स्टँडवर गुलाब जीप घेऊन उभा होता. गुलाब वारूळवाडीचा. घरची टोमॅटोची शेती, पण त्याचं मन स्टिअरिंगवर. ‘‘मॅडम, आधी घरी. आईनं मासवड्या केल्यात. न्हाई खाल्ल्या तर जीप सुरू व्हायची न्हाई,’’ असं त्यानं स्वच्छ सांगितलं. मासवडी या भागाचा मान. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं झणझणीत सारण, आणि सोबत रस्सा असा की डोक्यावरचा घाम पुसायला टॉवेल मागावा लागतो. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला विचारतात, ‘‘थोडं वाढू?’’ इथं विचारत नाहीत. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो आणि वाढणारी बोटांच्या फटीतून वाढते.

घोडेगावात शिधा घ्यायला एका शेठजींच्या दुकानात थांबलो. जुनं मारवाडी जैन घराणं, चार पिढ्या इथलेच. बोलणं ऐकलं तर त्यांनीच आपल्याला मराठी शिकवावं असं. नमुने ठेवायच्या माझ्या कापडी पिशव्या पुण्यात राहिल्या होत्या, म्हणून मी त्यांच्याकडे रिकाम्या पिशव्या मागितल्या. त्यांनी गुळाच्या आणि साखरेच्या चांगल्या दणकट पिशव्या काढून दिल्या आणि हळूच विचारलं, ‘‘खाण निघणार का, बाई?’’

मी म्हटलं, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’

‘‘आमच्या पणजोबांना पण कुणीतरी मारवाडात सांगितलं असणार, तिकडं खाण हाय म्हणून. म्हणून आले.’’

‘‘मग निघाली?’’

‘‘निघाली की. बटाट्याची.’’ शेठजी हसले आणि पिशव्यांचे पैसे काही केल्या घेईनात.

डिंभ्याचं धरण मागे पडलं, ऊस संपला, भाताची रिकामी खाचरं लागली. मी गुलाबला म्हटलं, वर बिबट्या असेल का? तर म्हणाला, ‘‘वर कशाला जाईल त्यो? वर काय हाय? त्यो आता बागायतदार झालाय मॅडम. उसात ऱ्हातो, कुत्री खातो, सीसीटीव्हीत दिसतो. भ्या तर आमच्याकडं खाली हाय. वर निवांत.’’ आणि खरोखरच, घाट लागल्यावर गुलाबच्या खांद्यातला ताठा उतरला आणि तो गाणं गुणगुणायला लागला.

सड्याची वाडी

जिथं डांबर संपतं तिथं जीप ठेवायची आणि पायवाटेनं वाडी गाठायची. वाडी सड्याच्या पायथ्याशी, कड्याच्या पोटाला चिकटलेली. आमची उतरायची सोय कौसाबाईंच्या घरी. साठीची बाई, काटक, नाकात मोरणी, आणि बोलणं असं की समोरच्यानं जपून बसावं. माझ्या हातातली हातोडी त्यांनी आधी निरखून पाहिली.

‘‘बाई, तुमी दगड फोडता?’’

‘‘हो.’’

‘‘कुनी शिक्षा दिली का काय?’’

मी म्हटलं, नोकरी आहे. त्या म्हणाल्या, ‘‘तेच की.’’

घरात बसल्याबसल्याच पाण्याचा आवाज येत होता. घरामागं कड्याच्या कपारीतून झरा पडत होता. माघ महिना, आजूबाजूचे ओढे कोरडे ठणठणीत, आणि ही धार मात्र मनगटाएवढी. कौसाबाईंनी तांब्या भरून आणला. पाणी इतकं थंड की पुण्यातल्या दातांच्या डॉक्टरांची सगळी बिलं आठवली. झऱ्याला त्यांनी काळा पाइप जोडून खाली एका तुकड्यात कांदा केला होता, बांधाला वांगी, कडेनं झेंडू.

‘‘हे सगळं एकट्यानं?’’ मी विचारलं.

‘‘मग? मालक हिकडं कुठं हायेत? लगीन झालं तवापासनं ट्रकावर. पार मध्य प्रदेशात. वर्साला एकदा जत्रंला येत्यात, आठ दिस ऱ्हात्यात, मी त्यांना पावण्यावानी वाढते आन ते जात्यात.’’ मग पाइपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘मागल्या साली मी हा पाइप टाकला आन सांगितलं, पानी दारात आनलंय, आता या. तर व्हय म्हनाले. ह्या जत्रंला आले की परत जायाचं न्हाई. ठरलंय आमचं.’’

हे सांगताना त्या झेंडूची सुकलेली फुलं खुडत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. नवीन लग्न झालेली मुलगी माहेरी नवऱ्याचं बोलणं काढते तेव्हा अशीच काहीतरी खुडत असते.

मग एकदम वळून म्हणाल्या, ‘‘तुमी वर काय बघाया आलाय ते ठाव हाय आमाला. काय लिवायचं ते लिवा. पन आधी हे पानी प्या, मग लिवा.’’

मी दुसरा तांब्या प्यायले. सड्यावरचा जांभा जाळीदार असतो. पावसाळाभर पाणी पितो आणि वर्षभर हळूहळू सोडतो. कौसाबाईंचा कांदा, त्यांचा झरा आणि त्यांचे मालक, तिघंही माझ्या डोक्यावरच्या त्या तांबड्या दगडाच्या भरवशावर होते.

सड्यावर

सड्यावर पोचलं की आधी वारा पाहुणचार करतो. टोपी गेली. गुलाब तिच्यामागं धावला, आणि टोपी दरीच्या काठाशी एका करवंदीच्या जाळीत अडकली म्हणून आमचा चालक वाचला. डाव्या हाताला मीना नदीचं खोरं, उजव्या हाताला घोड नदीचं. मध्ये हा मैल दीड मैल पसरलेला उघडा जांभा, त्यावर वाळलेलं गवत आणि वाडीच्या म्हशी.

काम नेहमीचं. चालायचं, खोदायचं, भिंगातून पाहायचं, पिशवीत भरायचं. जांभा पातळ निघाला. बॉक्साइट म्हणावं असं काही नाही. दोन दिवसांत माझं मत झालं आणि मी मनातल्या मनात ते नेहमीचं लाडकं वाक्य लिहूनही टाकलं. एकच विघ्न आलं. पिशव्यांना गुळाचा वास. एका म्हशीनं माझा नमुना पिशवीसकट तोंडात धरला आणि शांतपणे चघळत निघाली. तिच्या मागं मी, माझ्या मागं गुलाब, आणि आमच्या मागं म्हशीचा धनी बाळू ओरडतोय, ‘‘मॅडम, वडू नका, वडू नका, गाभन हाय ती!’’ पिशवी परत मिळाली, पण तिच्यातल्या नमुन्याबद्दल शास्त्रीय विधान करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सड्याच्या टोकाला, जिथं दोन्ही तालुक्यांच्या वाटा खिंडीत भेटतात, तिथं वाटोबा आहे. देऊळ नाही. शेंदूर लावलेला एक उभा धोंडा आणि त्याच्यामागं दगडांची मोठी रास, शेवाळलेली, अर्धी कारवीच्या झुडपांनी झाकलेली. भगत पांडूबाबा तिथं झाडलोट करत होते. आमच्या सह्याद्रीत खिंडीखिंडीत अशा राशी असतात. येणारा-जाणारा वाटेतला दगड उचलतो, देवापुढे टाकतो आणि पुढं जातो. मी चपला काढल्या, नमस्कार केला. देवाच्या जागी हातोडी चालवायची नाही हा माझा नियम, म्हणून राशीकडे मी भिंगही वळवलं नाही. राशीखालच्या उतारावर मात्र देवाची हद्द संपत होती, तिथं कारवीत शिरले.

आणि तिथं तो पडला होता. नारळाएवढा दगड, पांढऱ्या गारेचा, म्हणजे गारगोटीचा, आणि गारेतून हिरवं. न घासलेल्या तांब्याच्या कळशीला चढतं ना, तसलं हिरवं.

मी हातोडी घातली. दगडाचे दोन तुकडे झाले आणि आत सोनेरी पिवळे ठिपके लखलखले. तांबं. चांगलं, खाणीतून काढावं असं तांबं. थोडं पुढं आणखी एक. मग आणखी कितीतरी, सगळे नमुन्याच्या पिशव्यांत गेले. या काळ्या खडकाच्या मुलखात असलं तांबं कोणी पाहिलेलं नाही. शोधायला गेलं तर चिमूटभर कुठं दिसतं, एवढंच.

सगळ्या शंका मी स्वतःला रीतसर विचारल्या. कोणी आणून टाकला असेल का? पण इथं रस्ता नाही, खाण नाही, आणि नारळाएवढा दगड छातीवरचा चढ चढून इथं आणून टाकण्याइतका रिकामटेकडा माणूस महाराष्ट्रात कोण असणार? आणि आमच्या धंद्यातला पहिला धडा हा की सुटा दगड घरंगळतो तो खाली. दगड चढ चढत नाही. तेव्हा उतारावर दगड सापडला की त्याचं घर वर शोधायचं. हा धडा मी तीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आले आहे, संचालकांनाही मीच शिकवला, ते माझे कनिष्ठ होते तेव्हा. हिरव्या दगडाच्या वर होता फक्त सडा. म्हणजे सड्याच्या पोटात कुठंतरी भेग असणार, आणि भेगेतून हे खालून वर आलेलं असणार.

‘काही नाही’ लिहून लिहून म्हातारी झालेल्या बाईला एकदा ‘आहे’ असं लिहायला मिळालं तर तिचं डोकं किती वेळ ठिकाणावर राहील? माझं चहा थंड होईपर्यंतही राहिलं नाही.

फोनचं खडप

वाडीत मोबाइलला रेंज फक्त एका खडपावर, म्हणजे उघड्या खडकावर येते. तिथं माणूस उभा राहून बोलतो आणि रेंज अधूनमधून जात असल्यामुळे ओरडून बोलतो. वाडीतली सगळी गुपितं तिथूनच फुटतात. बाळूच्या मेहुण्याचं दुसरं लग्न मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ते याच खडपामुळे.

मी फोटो पाठवले आणि संचालकांचा लगेच फोन आला.

‘‘तांबं? सड्यावर?’’ ते ओरडले.

‘‘हो, तांबं!’’ मीही ओरडले.

‘‘परवाच्या बैठकीत ठेवतो. पुढच्या हंगामात ड्रिलिंगचं मशीन चढवू. अख्खा सडा धरू!’’

खडपावरून उतरले तेव्हा अर्धी वाडी अंगणात उभी होती. बाळू तर पुढे येऊन हातच जोडायला लागला. ‘‘मॅडम, मशीनवाल्यांना च्या लागंल ना? माझी टपरी पयली. तुमी फकस्त सांगून ठिवा.’’ एकानं टिपर घ्यायचं ठरवलं. दुसऱ्यानं आपल्या बांधावरचा दगडही पाहायला सांगितलं, कारण ‘त्यो पन जरा हिरवाच दिसतो पावसात’.

कौसाबाईंनी ताटं वाढली. भाकरी नेहमीसारखी ऊन होती, ठेचा होता, वर तुपाची धारही होती. माणसं रागावली तरी वाढण्यात हात आखडत नाहीत, त्यानं खाणाऱ्याला जास्तच त्रास होतो. ताट उचलताना त्यांनी विचारलं, ‘‘मशीन आली तर झरा ऱ्हाईल का, बाई?’’

खोटं बोलता आलं असतं. गुलाब तर डोळ्यांनी खुणावत होता. मी म्हटलं, ‘‘नुसती भोकं पाडली तर राहील कदाचित. खाण झाली तर नाही राहायचा. सडा गेला की पाणी गेलं.’’

‘‘मग मालकांना सांगाया पायजे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘निघाले असतील आता. आल्यावर सांगते, ट्रक सोडू नका म्हनून.’’

त्यांनी ताटं घासायला घेतली. झऱ्याच्या पाण्यानंच घासत होत्या. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी तांबं सापडल्याचा आनंदही पोटात बसून होता, हलायला तयार नव्हता. दोन्ही एकाच पोटात कशी राहतात हे मला आजही कळलेलं नाही.

वाटोबाची जत्रा

माघी पौर्णिमेला जत्रा. पहाटेपासून वाडीत माणसांची रीघ. पोटासाठी बाहेर गेलेली वाडीची सगळी माणसं आज परत येतात. कोणी चाकणहून, कोणी सुरतेहून, कोणी निमगाव सावा, निरगुडसरला शेतावर कामाला गेलेली. अंगणात मोठ्या डेगी चढल्या होत्या आणि गुलाब त्यातल्या एकीला चिकटून उभा होता.

पांडूबाबा मात्र वैतागलेले आले. ‘‘कौसे, रास रचाया गेलो तर तुज्या मालकाचे दगड न्हाईत. पावसात घरंगळले व्हते, दिवाळीत बघितले मी कारवीत. आज उचलून लावावं म्हनलं तर गायब.’’

‘‘वांदरांनी नेले असतील,’’ कौसाबाई डेगीतून मान वर न करता म्हणाल्या. आज त्यांचं लक्ष दगडांत नव्हतं.

वानर दगड कशाला नेतील, आणि दगडाला मालक कसा असेल, असं माझ्या मनात आलं. पण तेवढ्यात ढोल वाजला आणि आम्ही सगळे वाटोबाच्या खिंडीकडे निघालो.

तिथं मी जे पाहिलं ते नीट सांगते. एकेक माणूस वर येत होतं, आणि प्रत्येकाच्या पिशवीतून, पदरातून, पाठीवरच्या सॅकमधून दगड निघत होता. चाकणचा पोरगा कंपनीच्या गेटाबाहेरची खडी घेऊन आला होता. सुरतेच्या माणसाकडे तापीकाठचा गोटा. ओळीनं राशीपुढं उभं राहायचं, दगड कपाळाला लावायचा आणि ठेवायचा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलीनं फुटपाथचा सिमेंटी ब्लॉक आणला होता, त्यावरून रीतसर वाद झाला.

‘‘ह्यो दगड न्हाई,’’ पांडूबाबा म्हणाले.

‘‘बाबा, तिथं दगडच नाय. शोधला मी. सगळं हेच हाय!’’

पांडूबाबांनी ब्लॉक हातात घेऊन तोलला, पाठीमागून पाहिला आणि निकाल दिला, ‘‘वजन हाय. चालंल.’’

मी पांडूबाबांना विचारलं, ‘‘हे वाटेतले दगड नाहीत?’’

‘‘वाटंतले कशाला? जो जिथं पोट भरतो तिथला दगड आनायचा. वाटोबाला कळाया नको का, आपलं लेकरू कुठं गेलंय? रोज नजर ठिवायची असती त्याला.’’

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, ‘‘धर्मातात्या आले, धर्मातात्या!’’

चढावरून एक पांढऱ्या मिशांचा माणूस येत होता. धोतर नाही, पँट, डोक्याला टॉवेल, खांद्यावर गमछ्याचं गाठोडं. दर चार पावलांवर थांबत होता, पण गाठोडं खाली ठेवत नव्हता. वर पोचला, राशीपुढं बसला आणि गाठ सोडली. नारळाएवढा दगड. पांढरी गार, आणि गारेतून हिरवं.

‘‘कुठला हो हा?’’ मी दगडावर वाकून विचारलं.

‘‘खाणीवरचा, ताई. तांब्याची खाण हाय आमची तिकडं. मी त्यातलाच माल वाहतो ट्रकातनं. दरवर्साला येक आनतो.’’ मग राशीकडे बघून म्हणाले, ‘‘पर माझे बाकीचे कुठं गेले?’’

बाकीचे माझ्या खाटेखाली होते. गुळाच्या पिशव्यांत.

मी तिथंच जांभ्यावर बसले आणि हसायला लागले. तीस वर्षांचा धडा माझ्या डोळ्यांदेखत मिशीवरचा घाम पुसत बसला होता. गुलाबला वाटलं मला ऊन लागलं. तो पाणी आणायला धावला. मी सगळ्यांना सांगितलं, हसत हसत, मध्येच डोळे पुसत, की तुमच्या सड्यात तांबं नाही. एक दाणा नाही. जे आहे ते धर्मातात्यांनी आणून टाकलंय. बाळूची टपरी तिथंच बुडाली, पण तोही हसला आणि म्हणाला, ‘‘म्हंजे तात्या, तुमी आमची खाण आनायला लागला व्हता खांद्यावरनं!’’

कौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली झऱ्याच्या दिशेनं. आणि म्हणाल्या, ‘‘बाई, आधी त्या फोनवाल्याला सांगा.’’

आम्ही खडपावर गेलो. आम्ही म्हणजे सगळी जत्राच. संचालकांना मी जे झालं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तुम्हाला कोणी गंडवतंय. गाववाल्यांना खाण नको असेल, म्हणून सांगत असतील. सड्यावर तांबं बाहेरून येईलच कसं? दगड चढ चढत नाही. तुम्हीच शिकवलंय मला!’’

ते इतक्या जोरात म्हणाले की सगळ्यांना ऐकू गेलं. कौसाबाईंनी माझ्या हातून फोन घेतला. त्यांनी तो कानाला नाही, तोंडासमोर धरला, खडपावर सगळे धरतात तसा.

‘‘चढतो की, सायेब. आमच्या मालकाच्या खांद्यावर बसून चढतो. लई वर्सं चढतोय. तुमी या, तुमाला बी दगड देते येक. तुमी बी चढा.’’

मग संचालकांनी मला विचारलं, ‘‘कोण बोलतंय?’’ मी म्हटलं, ‘‘तज्ज्ञ.’’ मग ताज्या दगडाचा आणि तो वाहून आणलेल्या तात्यांचा शेजारी शेजारी फोटो पाठवला. तात्या फोटोसाठी ताठ उभे राहिले आणि मिशीवर हात फिरवला. सड्याचं नाव बैठकीच्या कागदांतून त्याच दिवशी निघालं.

पायरी

हिरवे दगड मी पिशव्यांसकट परत केले. फुटलेल्याचे दोन तुकडे पुढं करताना मला मान वर करवेना. तात्यांनी तुकडे जुळवून पाहिले आणि म्हणाले, ‘‘असू द्या. हातोडी झकास लागलीय. खाणीत असती तर फोरमननं ठिवून घेतली असती तुमाला.’’

आणि मग मला त्या रिवाजाचा उरलेला अर्धा भाग कळला. जो माणूस कायमचा परत येतो तो आपले दगड वाटोबाच्या राशीतून उचलून घेतो. आता नजर ठेवायची गरज नाही म्हणून. ते दगड त्याच्या घराच्या पायरीत बसवतात. वाडीत फिरले तेव्हा दारोदारच्या पायऱ्यांवर रंगीबेरंगी दगड पाहून मला वाटलं होतं, काय हौशी माणसं आहेत! भूवैज्ञानिक बाई त्या पायऱ्यांवर पाय देऊन घरात जात होती, आणि खाली वाकून पाहत नव्हती.

पायरी एरवी पाडव्याला बसवतात, पण तेवढीही वाट न पाहता तात्यांनी दुसऱ्याच दिवशी काम धरलं. माती कौसाबाईंनी कालवली, पाणी झऱ्याचं. जुने हिरवे दगड, कालचा नवा, आणि मधोमध माझे दोन तुकडे. सिमेंट नाही, काही नाही. तात्या दगड ठोकत होते आणि कौसाबाई ‘हिकडं, जरा हिकडं’ करत होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दोघं मिळून काहीतरी बांधत होते.

आम्ही निघालो तेव्हा कौसाबाईंनी कांद्याची जुडी आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. मी पायरी ओलांडून खालच्या चपलांकडे उतरत होते, तर त्यांनी हात धरला.

‘‘वलांडू नका. पाय द्या त्याच्यावर.’’

मी पाय दिला. माझ्याच हातोडीनं फुटलेल्या दगडाची धार टाचेला टोचली आणि मी चटकन पाय उचलला.

‘‘टोचलं ना? आमाला बी रोज टोचनार,’’ कौसाबाई म्हणाल्या. ‘‘तुमी फोडलाय, तर तुमीच घासायचा. दर साली जत्रंला यायचं आन त्याच्यावर पाय द्यायचा. गुळगुळीत हुईस्तवर.’’

गारेचा दगड माणसाच्या टाचेनं गुळगुळीत व्हायला किती वर्षं लागतात, हे माझ्या धंद्यामुळे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, येईन.